डावा कान

पडद्यावर रविराज इंजिनावर वाकला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याने इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बीडच्या टॉकीजात दुपारच्या खेळाला शिट्ट्या पडल्या.

खुर्चीत इसाकचाचा पुढे सरकला. गाडीच्या पोटातलं दुखणं असं ऐकायला त्यानेच या पोराला शिकवलं होतं, आपल्या गॅरेजात. पण उजव्या कानाने.

"डावा कावून लावला बे?"

शेजारी खराखुरा रविराज बसला होता. कुणी ओळखू नये म्हणून टोपी भुवयांपर्यंत ओढून. सकाळी मुंबईहून आला आणि चाचाला इथं घेऊन आला. तेरा वर्षांनी.

रविराजची नजर पडद्यावरून हलली नाही. शेंगा फोडत राहिला. मघाशीही चाचाचे दोन प्रश्न असेच वाया गेले होते. मोठा मानूस झाला, चाचाला वाटलं.

पडद्यावर पाणी आलं. निळं, हलतं, भिंतभर. त्याचा उजेड माणसांच्या तोंडांवरून फिरू लागला. अख्खं टॉकीज बुडत चाललं होतं आणि कुणाचाच श्वास अडत नव्हता.

शेजारच्या खुर्चीत, त्याच पाण्यात, चाचाला दिसला तो सतरा वर्षांचा रविराज. दोनदा पोलीस चौकीतून सोडवून आणलेला. तिसऱ्यांदा त्याने गिऱ्हाइकाची मोटारसायकल पळवली, पालीला नेली आणि बिंदुसरेच्या धरणात घातली. ओलाचिंब, हसत परत आला. डावखुऱ्या चाचाच्या हातात तेव्हा पाना नव्हता. नुसता हात होता. एकच बसली. पोरगं त्या दिवशी गेलं ते गेलं.

उजव्या कानावर बसली होती.

चाचा त्या कानाकडे बघत राहिला. पडद्याच्या उजेडात तो निळा दिसत होता. वीतभर अंतरावर. तेरा वर्षं एक वाक्य त्याच्या तोंडात होतं, आणि ते कुणी ऐकणार नाही अशी जागा आता समोर होती.

"मी मारायला नको व्हतं," तो त्या कानात म्हणाला.

मानेला श्वास लागला तसा रविराज वळला. "काय म्हणलात, चाचा? तिकडून ऐकू येत न्हाई. तिकडं ती गाडी चालू हाय."

"कंची?"

"पाण्यात घातली ती. बंदच पडत न्हाई."

चाचाने डोळे मिटले. आपला कान त्याने त्या कानाला लावला. बराच वेळ.

"कसा हाय आवाज?" रविराजने विचारलं.

"चालू हाय," चाचा म्हणाला. "ऐकू येतंय."

मग तो उठला. रविराजच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. अंधारात खुर्च्यांच्या पाठी चाचपत तो तिकडे निघाला.

"ओ चाचा, बसा की खाली," मागून कुणीतरी म्हणालं. "हिरो दिसंना."

पडद्यावर रविराजचा चेहरा भिंतीएवढा झाला होता. चाचाची सावली त्याच्यावर पडली आणि एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सावकाश सरकत गेली.