ओटीतल्या गोळ्या

मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती आणि रंजनाबाईंनी सीमा सिस्टरला हाताला धरून कोठीच्या खोलीत ओढलं. बाहेर अख्खं कळसाडी गाव मांडवात बसलेलं, बँडवाले कान फोडत होते. रंजनाबाई म्हणजे नवरीची आई. त्यांनी सिस्टरची ओटी भरली, नारळ घातला, खण घातला आणि खणाखाली घाईने काहीतरी सरकवलं. सीमाने चाचपलं. गोळ्यांची पाकिटं! तिनेच दर महिन्याला आणून दिलेली.

"अहो, रुपाच्या गोळ्यांचे अजून दोन महिने बाकी आहेत!"

"सासरले कशी खाई ती?" रंजनाबाई कुजबुजल्या. "या गोयासनी लघवी लाल व्हस. सासूना देखामा उनं म्हणजे? टीबीनी पोर कोण नांदाडी, सिस्टर? परत धाडतीन."

"आणि मध्येच सोडल्या तर आजार उलटतो. मग साधी औषधं लागूच पडत नाहीत. पोर हातची जाईल, रंजनाबाई."

"कोणले सांगू नका. तुमले मन्ही आन शे."

झालं! एवढं बोलून त्या डोळे पुसत बाहेर गेल्या. नर्सिंगच्या परीक्षेत समाजशास्त्राच्या पेपरला हाच प्रश्न आला होता, आजारामुळे लागणारा कलंक आणि परिचारिकेची भूमिका. सीमाने लिहिलं होतं, कुटुंबाला विश्वासात घ्यावे. पाचपैकी साडेचार मार्क पडले होते. घ्या आता विश्वासात!

ती तिथेच ओटी सावरत उभी राहिली. शपथ गेली खड्ड्यात, नवऱ्यामुलाच्या आईला बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं, असं तिने ठरवलंही. तेवढ्यात नवऱ्यामुलाची आईच दारात आली. ब्राह्मणपुरीच्या धनुबाई. अंगभर दागिने, चेहरा मात्र ओढलेला.

"तुम्ही दवाखानान्या सिस्टर ना? एक इचारनं व्हतं." त्यांनी मागे वळून पाहिलं आणि कमरेच्या पिशवीतून एक पाकीट काढलं. "या मधमाच सोडी दिन्या ते चाली का? मन्हा भाग्येशन्या शेत. सुरतना डॉक्टरनी दिन्हात. आते घरमा नवी वहू येई ऱ्हायनी, तिना देखामा येवाले नको."

सीमाने पाकीट उलटून पाहिलं. त्याच टीबीच्या गोळ्या. क्षणभर तिला हसूच फुटलं. अरे देवा, एवढं सोपं! दोघांनी रोज सकाळी एका तांब्यातलं पाणी घेऊन गोळ्या गिळाव्यात, कुणी कुणापासून लपवायचं कारणच नाही.

"धनुबाई, लपवू नका. मुलीकडच्यांना सांगा. आत्ताच्या आत्ता सांगा. ते समजून घेतील, मी सांगते ना!"

"येड्या व्हयन्यात का तुम्ही?" धनुबाईंनी तिचं मनगट आवळलं. "मांडवमाथून वरात परत जाई. मन्ही धाकली पोर लग्ननी शे, तिले मंग कोण पत्करी? तुमना पाय धरस, सिस्टर."

आणि त्या भरजरी साडीतली बाई खरंच वाकली. सीमाने त्यांना उठवलं. ओटीतली पाकिटं तिच्या पोटाला टोचत होती. आता एकीचं दुसरीला सांगायचं म्हणजे दोघींचा गळा कापायचा. ती गप्प बसली. आपण गप्प बसतोय हे तिला कळत होतं, आणि स्वतःची लाज वाटत होती.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, सीमानेही टाकल्या. रंजनाबाई आणि धनुबाईंनी एकमेकींना मिठी मारली.

"कशी जोडी शोभी ऱ्हायनी!" शेजारची बाई म्हणाली.

हवन पेटलं आणि धुराचा लोट वर आला. भाग्येशला ठसका लागला. रुपाला दिसू नये म्हणून त्याने पटकन तोंड फिरवून उपरण्यात खोकला दाबला. तिला दिसलंच नाही. ती दुसरीकडे तोंड करून, शालूचा पदर तोंडात कोंबून खोकत होती.