नाव न घेता

१९९४ साली बेंगळूरमधल्या आम्हा मोजक्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची उपासना रविवारी दुपारी एका तमिळ चर्चच्या मागच्या खोलीत होत असे. नवऱ्याच्या माराला कंटाळून माझी करुणा माहेरी आली, त्यानंतरचा तो पहिलाच रविवार. बसमध्ये ती म्हणाली, "पप्पा, माझ्यावरून तिथे तुम्हाला कोणी काही बोललं, तर मी उद्याच परत जाईन त्याच्याकडे."

प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या. कोणाचा गुडघा दुखत होता, कोणाच्या मुलाला नोकरी नव्हती. मग हिवाळेअक्का उठल्या.

"नाव घेत नाही हं मी. पण यशवंतपूरच्या एका कुटुंबासाठी प्रार्थना करा. मुलगी नवऱ्याला सोडून आलीय. प्रभूने तिला सुबुद्धी द्यावी."

यशवंतपूरहून येणारं कुटुंब आमचं एकच होतं. करुणाने पर्स उचलली.

"सरी, सरी, ठीक आहे, डोळे मिटू या," पाळकसाहेब घाईने म्हणाले. "उजगरेअण्णा, तुम्ही प्रार्थना करा." उजगरेअण्णा म्हणजे मीच; आपण कोणाला सांगितलं, हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

चारचौघांत मोठ्याने प्रार्थना मी कधीच केली नव्हती. कोणीतरी खाकरलं. करुणा दाराकडे निघाली होती. मी उभा राहिलो आणि तिचा हात धरला.

 

"हे प्रभू, आमची करुणा जिवंत घरी आली, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो."