करंगळीच्या शेजारी

शहजादीनं कागद सुलटा धरून पाहिला, मग उलटा धरून पाहिला. अक्षराशी तिची ओळख नव्हती, पण चौकोन कुणालाही कळतात.

"ह्यात बायका कुठं हायत?"

"त्यांच्यासाठीच तुमच्याकडे आले, मावशी," डॉ. सरयू चौबळ म्हणाल्या. "ही हौसरावांच्या घराण्याची वंशावळ. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आणि हौसरावांना एकही गोल आठवत नाही."

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात, शहजादीच्या बांगड्यांच्या पथारीवर दोघी बसल्या होत्या. साल त्रेसष्टचं. आईबापांकडून लेकरांत काय उतरतं, हे शोधणं सरयूबाईंचं काम. सहाव्या बोटावरचे त्यांचे निबंध विलायतेत छापून आले होते, साठ घराण्यांचे हात त्यांनी तपासले होते. हौसरावांचं घराणं एकसष्टावं आणि सगळ्यांत मोठं. हौसरावांच्या वडलांना सहावं बोट होतं, दौंडला रेल्वेत असलेल्या भाच्याला आहे. मधल्या बायकांचं विचारलं, की हौसराव हात झटकायचे. "लेकी दिल्या घरी गेल्या, त्यांचं काय लिवायचं?" दोन वर्षं पुण्याहून एसटीनं खेटे घालून सरयूबाईंच्या हाती पडले होते ते नुसते सुटे चौकोन. बायका मिळाल्या नाहीत, तर हा कागद फाडून टाकावा लागणार होता.

पंचक्रोशीतल्या बायकांचा एकेक हात शहजादीच्या हातातून गेलेला. मुलीला जास्तीचं बोट असलं, की सुईण पाचवीच्या आत त्याला दोरा बांधी. बोट गळून पडे आणि घरचे विसरून जात. करंगळीच्या कडेला मुगाएवढी गाठ मात्र राही. बांगडी चढवताना ती दुखते, म्हणून कुणाच्या हाताला ती कुठं आहे, हे शहजादीला पाठ होतं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "पर ज्याचा हात धरला त्याची चहाडी करायची न्हाई, आसं माझी सासू सांगून गेली. आन् लग्नाच्या पोरी हायत त्यात, बाई."

सरयूबाईंनी वाद घातला नाही. पिशवीतून खोडरबर काढलं आणि चौकोनांखालची नावं एकेक करून पुसली. वरच्या कोपऱ्यातलं गावाचं नावही पुसलं.

"आता हे कुणाचं घर?"

"कुणाचंबी."

"मग तोंडानं काही सांगू नका. बांगड्या ठेवा. ज्या हाताला गाठ आहे तिथं काळी, नाही तिथं हिरवी."

"काळी का म्हणून?" शहजादी उसळली. "पोरींनी काय गुन्हा केलाय?" पेटाऱ्याच्या तळातून तिनं सोनेरी नक्षीच्या बांगड्यांचा जुडगा वर काढला. "अल्लानं येक जास्तीच दिलंय. त्यांना भारीतली."

सरयूबाई चौकोनांवर बोट ठेवून 'हे वडील, हा भाचा' एवढंच सांगत गेल्या आणि तिचे हात चालू लागले. हिरवी, हिरवी, सोनेरी. पुन्हा हिरवी. मधेच थांबून ती डोळे मिटायची, एखादा हात आठवायची आणि बांगडी ठेवायची.

"बाप्यांचं मला इचारू नगा. त्यांच्या हातात मी बांगड्या भरत न्हाई."

सरयूबाई हसल्या. बांगडीच्या आतून पेन्सिल फिरवत त्या गोल ओढत गेल्या. बाप आणि भाचा यांच्या मधोमध, हौसरावांच्या बहिणीच्या जागी, सोनेरी बांगडी बसली, तसा त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. शिरूरचा दवाखाना धुंडाळून झाला, दौंडची रेल्वे कॉलनी झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तेवढ्यात खुद्द हौसराव बाजाराची पिशवी सांभाळत समोरून आले. सरयूबाईंनी पेन्सिल पदराखाली सरकवली. हौसरावांनी कागदावरच्या बांगड्या पाहिल्या.

"खरेदी जोरात दिसतीया, डाक्टरीणबाई!"

"हो ना. रंग ठरत नाही."

"चालू द्या," म्हणत ते स्वतःच्या वंशावळीवरून पुढे गेले. दोघी तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत राहिल्या.

"आता हात द्या," शहजादी म्हणाली. "माझ्या पथारीवरनं कुणी मोकळ्या हातानं जात न्हाई."

सरयूबाईंनी जरा थांबून उजवा हात पुढे केला. शहजादीनं पंजा दाबला, अंगठा आत मुडपला, बांगडी सरकवत आणली. करंगळीच्या कडेशी तिचं बोट अडलं आणि तिथंच राहिलं. तिनं मान वर केली नाही. ती कड हलकेच दाबून धरली आणि बांगडी पलीकडे नेली. दुखलं नाही. एकामागून एक सहा बांगड्या चढल्या, एकही वाढली नाही.

मग तिनं जुडग्यातून एक सोनेरी बांगडी सोडवली.

"बाई, ही कुठं ठिवू?"

हा प्रश्न साठ घराण्यांत सरयूबाईंना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. त्यांना आई आठवली. जन्मभर उजवा हात पदराखाली ठेवून वावरलेली. हळदीकुंकवालासुद्धा डावा हात पुढे करायची, बायका नावं ठेवायच्या, तरी हात काही बाहेर काढला नाही.

त्यांनी पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि पथारीवर नीट पसरला.

"एक नको, मावशी, दोन द्या," त्या म्हणाल्या. "वरची माझ्या आईची."