आधी कोणी बोलायचं?

“ह्याचं सलून बंद पडलं, ते मला बसस्टँडवरच्या एका प्रवाशानं सांगितलं,” ती म्हणाली. “आणि हा रोज सकाळी डबा घेऊन निघायचाच!”

समुपदेशक बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

“कुठे जायचात?”

“तळ्यावर. डबा खायचो, अंधार पडला की घरी.”

नवरा न्हावी, बायको स्टँडवर गाड्यांची घोषणा करणारी. दिवसभर बोलून पोट भरणारी माणसं, आणि घरात तोंडाला कुलूप! बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी आतल्या आत दाबलं. दोघं वेगवेगळी आली होती, हे लक्षण काही बरं नव्हतं.

“तुम्हाला कळलं होतं, तर विचारलं का नाही?”

“मी का विचारू? ज्याच्यावर गुदरलं, त्यानं सांगायला नको?”

“कोणत्या तोंडानं सांगणार होतो?” तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. “‘आज कुठे होतास’ एवढं जरी विचारलं असतंस, तरी सगळं ओकलो असतो. तू आपली मुकाट्यानं डबा भरत राहिलीस.”

“तुझ्या आवडीचं भरत होते. रोज.” तिचा आवाज चिरकला. “म्हटलं, ह्यावरून तरी ओळखेल.”

“मला वाटलं, तुला पत्ताच नाही.”

“तिथून मग बोलणंच संपलं,” ती बाईंना म्हणाली.

त्यानं खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिनं घेतला. बाईंना धीर आला. एवढा ओलावा शिल्लक असलेला संसार मोडू द्यायचा म्हणजे पापच.

“हे बघा,” त्या पुढे सरकल्या, “भांडायला दोघं लागतात, तशी अबोल्यालाही दोघंच लागतात. चूक कुणा एकाची नाही. वकिलाकडे धावायची घाई करू नका. मला थोडा वेळ द्या. एकदा तुटलं की जोडणं कठीण असतं.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिनं त्याला कोपरानं ढोसलं.

“सांग की! निदान आता तरी तू बोल.”

तो खाकरला.

“मॅडम, आमचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. आम्ही पुन्हा लग्न करायचं म्हणतोय.”