पॉसिबलचं वजन

“पॉसिबल आणि प्रॉबेबल. फरक काय हो, बाबा?” सुनेनं मटार सोलता सोलता विचारलं.

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. उभी हयात मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेलेली. आता शाळा नव्हती, पण कुणी काही विचारलं की वर्ग सुरू.

“पॉसिबल म्हणजे शक्य. प्रॉबेबल म्हणजे बहुतेक. झाली डिक्शनरी. आता सांग, कुणाचं अडलंय?”

“मैत्रिणीचं. तिच्या सासऱ्यांचे डॉक्टर बोलले. अर्थ कळतो हो तिला. वजन कळत नाही.”

त्यांनी आपला चहाचा कप टेबलाच्या मधोमध ठेवला.

“हा पडेल?”

“कशाला पडेल?”

“कुणाचा धक्का लागला, टेबल हललं, तर पडेलही. पॉसिबल.” मग त्यांनी कप अर्धा काठाबाहेर सरकवला. “आता?”

तिनं झटकन हात पुढे केला.

“हे प्रॉबेबल. यात हात आपोआप पुढे जातो.”

उदाहरण. मी उद्या उठून पळायला जाणं पॉसिबल आहे.

उदाहरण. तुझ्या आत्यानं फोन केला, तर तो तासभर चालणं प्रॉबेबल आहे.

ती हसली नाही.

“डॉक्टर नेमकं काय म्हणाले तिला?”

“महिन्याभरात काही बरंवाईट होणं पॉसिबल आहे, म्हणाले. तिचा नवरा जहाजावर असतो. पहिल्यांदाच कप्तान झालाय. मध्येच उतरला तर पुन्हा कोण जहाज देणार? आणि बोलावलं नाही, नि झालंच काही, तर तो जन्मभर तिच्याशी धड बोलायचा नाही.”

“पॉसिबलच म्हणाले? नक्की?”

“दोनदा विचारून घेतलंय तिनं.”

“मग काय! एवढं पॉसिबल तर माझ्या-तुझ्याही बाबतीत आहे. सांग तिला, नवऱ्याला गुमान जहाज चालवू दे.”

“आणि प्रॉबेबल म्हणाले असते तर?”

“तर आजच्या आज बोलवायचा. त्यात विचार कसला करायचा?”

तिनं खोल श्वास सोडला. सालं गोळा केली, मटारचं भांडं उचललं आणि आत गेली. नळाचा आवाज आला. पाठोपाठ काहीतरी गुणगुणल्याचा.

सासऱ्यांनी फोन जवळ ओढला. आवाज अगदी खाली.

“डॉक्टर, शाबास. ठरल्याप्रमाणे पॉसिबलच म्हणालास. मैत्रिणीचं नाव पुढे करून मलाच विचारायला आली होती. आता नाही बोलावत ती त्याला.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “वर्गात असतास तर मात्र मार्क कापले असते. मला तू प्रॉबेबल म्हणाला होतास.”