न बघता लागणारा फोन

"न बघता लावता आला पाहिजे," साधना म्हणाली.

शहरातल्या द्वारका चौकातल्या एका मोबाईलच्या दुकानात भर दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदार दिनेशने आधी मोठ्या काचेचा टच फोन पुढे केला होता. साधनाने तो हातातही घेतला नाही. तिची आई सरुबाई शेजारच्या स्टुलावर बसून दारातून बाहेर बघत होती. रस्त्याच्या पलीकडे जावयाची, योगेशची, पिकअप उभी होती. बांगड्या घेऊन येतो, असं दोघी त्याला सांगून आल्या होत्या.

"टचमध्ये सोय असते ताई. बाजूचं बटण पाच वेळा दाबलं की आपोआप फोन जातो."

"उजेड पडतो का?"

"पडतो ना. आवाजही होतो."

"मग नको."

दिनेशने बटणांचे फोन काढले. घडीचा फोन उघडताना टक्‌ असा वाजला, तसा साधनाने तो मिटून परत दिला. दुसऱ्याची बटणं इतकी सपाट, की बोटाला एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळेना. तिसरा अगदी काडेपेटीएवढा. तो मुठीत लपला, तेव्हा सरुबाईला जरा आशा वाटली. पण एक बटण दाबायला गेलं की दोन दाबली जात होती.

साधना डाव्या हाताने दाबून बघत होती. तिचा उजवा अंगठा अजून वाकत नव्हता. दिनेशचं लक्ष त्या अंगठ्याकडे गेलं.

"अंधारात लागतो का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"आमच्याकडं लाईट लय जाती," सरुबाई घाईने म्हणाली.

त्याने उठून मागच्या कपाटातून जुन्या धाटणीचा एक फोन काढून आणला. बटणं उंच, सुटी सुटी.

"पाचावर बारीक टिंब आहे बघा, बोटाला लागतं. त्याच्या बरोबर वर दोन. दोन दाबून धरलं की मावशींना फोन लागेल, असं करून देतो. आवाज बंद, लाईट बंद."

बरोबर आणलेलं सिम त्याने आत घातलं. साधनाने फोन पदराखाली घेतला आणि डोळे मिटले. सरुबाईला तिच्याकडे बघवेना.

सकाळीच घरी बैठक झाली होती. योगेशने चार माणसांत सासऱ्याचे पाय धरले, पुन्हा हात उचलणार नाही म्हणाला. पोरीचं घर मोडायला नको, असं जयरामने, साधनाच्या बापाने, ठरवून टाकलं. सगळ्यांना चहा सरुबाईनेच केला. साधना आत चुलीपाशी येऊन एवढंच म्हणाली होती, "जाते मी. पण त्याला माहीत नसलेला एक फोन घेऊन दे."

पिशवीत सरुबाईचा फोन वाजला. तिचा टचचा होता, मुलाने घेऊन दिलेला. तिने तो बाहेर काढला आणि काचेवरच्या हिरव्या गोलावर बोट ओढलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं. फुलं तोडून तोडून तिची बोटं भेगाळली होती, काच ती ओळखायची नाही. घरी कुणीतरी उचलून द्यायचं. फोन वाजून वाजून थांबला.

"पुन्हा लावा ताई," दिनेश म्हणाला. "मावशी, बोट पदराला पुसून घ्या जरा."

पुन्हा वाजला. पुन्हा थांबला.

"तुम्हीपण बटणांचाच घ्या, मावशी."

"राहू द्या," साधना म्हणाली. तिने डोळे उघडले होते. "आई, तू उचलूच नको. मला तवा बोलता येणार नाही. वाजला की निघ."

सरुबाईने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"अडीच तास लागत्यात गं तुझ्या गावाला," ती म्हणाली. "तवर?"

साधनाने फोन पोलक्यात सारला आणि पदर सारखा केला. "फोनचा डबा राहू द्या तुमच्याकडंच," ती दिनेशला म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

सरुबाई तिच्यामागे निघाली, तेव्हा दिनेश काउंटरवरून पुढे वाकून हळूच म्हणाला, "मावशी, पाठवायलाच पाहिजे का?"

तिच्याकडे या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते जयरामचं होतं. ती पिशवी उचलून बाहेर पडली.

बांगड्या घेणं भाग होतं. शेजारच्या दुकानातल्या बाईने साधनाच्या डाव्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या. उजव्यात एकही जाईना. अंगठ्यापाशी बांगडी आली की साधना दात आवळायची. शेवटी ती म्हणाली, "असू द्या, एकाच हातात असू द्या."

दोघी रस्ता ओलांडून पिकअपपाशी आल्या. योगेश खाली उतरला, त्याने साधनासाठी दार उघडून धरलं. तिच्या भरलेल्या हाताकडे बघितलं, मोकळ्या हाताकडेही बघितलं, आणि म्हणाला, "छान हायेत."

साधना आत बसली. दोन्ही हात तिने मांडीवर ठेवले होते. योगेशने दार लावलं आणि सरुबाईच्या पाया पडला.

"काळजी करू नका, मामी. पोचलो की फोन लावून देतो तुम्हाला."

"बरं," सरुबाई म्हणाली.