चौकातला सांगाडा

“गटाराच्या पाइपांना आकडी आलीय जणू,” वडील म्हणाले.

मुलगा मान खाली घालून हसला. परक्या देशातल्या त्या चौकात लोखंडी नळ्यांचा दोन पुरुष उंच गुंता उभा होता. त्यातून एक शिडी निघून मध्येच हवेत संपत होती. मुलाकडे आल्यापासून वडिलांचा संध्याकाळचा फेरफटका रोज इथेच अडायचा.

“आणि म्हणे ही कला! शिडी जाते कुठे, ते तरी सांग.”

चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस तो. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एका सांध्यावरून नख फिरवलं. “इथे हात थांबलाय बघ. याला शिकवणाऱ्यानं दोन ठेवून द्यायला हव्या होत्या.”

मुलाचे कान तापले. तो हात त्याचाच होता. पोराने आपल्यासारखं धुरात जन्म काढू नये, म्हणून वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला इंजिनिअर केलं. सुट्टीत वेल्डिंग शिकवलं, ते आपलं गंमत म्हणून. आणि या पठ्ठ्याने तीन वर्षांपूर्वी ऑफिसची खुर्ची सोडून पुन्हा तेच हत्यार हातात घेतलं होतं. वडिलांना त्याने अजून सांगितलं नव्हतं.

“उद्या विमान आहे त्यांचं. कधी सांगणार?” बायकोने स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

“ऐकलं असतंस ना, काय म्हणाले ते!”

“त्यांचं काय मनावर घेतोस? सकाळी कोपऱ्यावर दूध आणायला जातात, ते तासाने उगवतात. रोज रस्ता चुकतात बिचारे.”

विमानतळावर त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बापावर जीव होता, म्हणून तर धीर होत नव्हता. वडिलांनी त्याची कॉलर सारखी केली.

“जेवत जा वेळेवर. आणि तो सांगाडा भंगारात काढला की कळव.”

परतताना तो चौकात थांबला. स्वतःचाच राग येत होता. चौक झाडणारी बाई झाडू टेकवून जवळ आली.

“तुमच्याबरोबरचे आजोबा आज सकाळी दिसले नाहीत?”

“वडील माझे. गेले परत, आमच्या देशी.”

“अरेरे. रोज सकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचे, याच्याकडे बोट दाखवायचे आणि तुमच्या भाषेत एकच वाक्य बोलायचे. ऐकून ऐकून पाठ झालंय मला, अर्थ तेवढा सांगा,” ती म्हणाली आणि अडखळत एकेक शब्द उच्चारू लागली, “माझ्या... पोरानं... केलंय.”